बेस्टचा संप: स्टेशनपासून पुढचे तीन किलोमीटर कसे काढताय?

चेंबूरची जुई | ९ जानेवारी २०१९, रात्री ९:४०

बेस्टच्या संपाचा आज दुसरा दिवस. सोमवारच्या मध्यरात्रीपासून लाल गाडी रस्त्यावर दिसलेली नाही. लोकल चालू आहेत म्हणून टीव्हीवर "मुंबई रुळावर" असं सांगतात, ते मला पटत नाही. लोकल माणसाला स्टेशनपर्यंत आणून सोडते. पुढे काय?

मी चेंबूरहून हार्बरने कुर्ल्याला उतरते आणि पश्चिमेकडून ३१० नंबरची बस पकडून बीकेसीला (बांद्रा-कुर्ला संकुलात) जाते. काल कुर्ला स्टेशनबाहेर रिक्षासाठी इतकी गर्दी होती की रस्ता कुठे संपतो आणि रांग कुठे सुरू होते ते कळेना. पाऊण तास उभी राहिले आणि शेवटी चालत निघाले. आज रांगेत थांबलेच नाही, थेट चालत गेले. चाळीस मिनिटं लागली.

पण धागा माझ्यासाठी काढलेला नाही. आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी ट्रॉम्बेच्या चिता कॅम्पहून बसने येतात. चेंबूरमध्ये त्यांची चार घरं आहेत. काल त्या पूर्ण रिक्षाने आल्या, साठ रुपये गेले. येऊन-जाऊन एकशेवीस. मी ते पैसे दिले, पण हे रोज चाललं तर? सगळी घरं देतील असं नाही. आज त्यांनी एका घरी येणार नाही म्हणून कळवलं, म्हणजे तिथला खाडा धरला जाणार.

तुम्ही स्टेशनपासून पुढचं अंतर कसं काढताय, नेमकं लिहा. कुठून शेअर रिक्षा मिळते, कुठे चालणं बरं, काय भाडं पडतं. कोणाला तरी उद्या सकाळी उपयोग होईल.

---

माटुंगेकर | ९ जानेवारी, रात्री १०:०५

मावशींना मानखुर्द स्टेशनवरून यायला सांगा. चिता कॅम्पपासून मानखुर्द पायी पंचवीस-तीस मिनिटं. तिथून गोवंडी, मग चेंबूर, दोनच स्टेशनं. सेकंड क्लासचं तिकीट पाच रुपये. सकाळी सातच्या आत निघाल्या तर गाडीत उभं राहायलाही जागा मिळते.

---

चेंबूरची जुई | ९ जानेवारी, रात्री १०:१२

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! उद्या सांगते. गुडघ्याचं दुखणं आहे त्यांना, तीस मिनिटं जमतील का विचारायला हवं.

---

साकीनाका_रोज | ९ जानेवारी, रात्री १०:३०

३३२ने कुर्ला ते साकीनाका, मरोळ, अंधेरी करणाऱ्यांसाठी: कुर्ल्याला उतरूच नका. तसेच घाटकोपरपर्यंत जा आणि मेट्रो धरा. साकीनाका, मरोळ नाका, चकाला सगळं वाटेत आहे. काल घाटकोपरच्या पुलावर मेट्रोची रांग जिन्याच्या खालपर्यंत आली होती, पण ती पुढे सरकते. रिक्षाची रांग सरकत नाही.

---

सत्यशोधक_७२ | ९ जानेवारी, रात्री ११:१५

सगळे पर्याय सांगताहेत, मूळ प्रश्न कोणी बोलत नाही. सुमारे पंचवीस लाख लोक रोज बेस्टने जातात. बत्तीस हजार कामगारांनी त्यांना वेठीला धरायचं हे कुठल्या न्यायात बसतं? मागण्या असतील, पण रस्त्यावर कोंडी झाली ती त्या मावशींची. मंत्रालयात बसणाऱ्यांची नाही.

---

वडाळ्याची वैशाली | ९ जानेवारी, रात्री ११:५०

सत्यशोधक, तुमचा राग मी समजू शकते. पण माझं घर त्या बत्तीस हजारांतलं एक आहे. माझे मिस्टर कंडक्टर आहेत.

मागण्या तरी एकदा वाचा. एक म्हणजे बेस्टचा 'क' अर्थसंकल्प महापालिकेच्या 'अ' अर्थसंकल्पात विलीन करावा. बेस्ट महापालिकेचीच आहे, १९४७ पासून. मग तिचा हिशेब वेगळा आणि तोटा तिचा तिनेच सोसायचा, असं का? दुसरं, २००७ नंतर लागलेल्या कामगारांची वेतनश्रेणी आधीच्यांपेक्षा खालची आहे. एकाच गाडीवर, एकाच पाळीत दोन माणसं, काम तेच आणि पगारात मोठा फरक.

संपाच्या दिवसांचा पगार हातात येईल असं धरून आमच्या चाळीत कोणी बसलेलं नाही. वाण्याला सांगून ठेवलंय. कंडक्टरला सकाळच्या पाळीसाठी पहाटे साडेतीनला उठायची सवय असते. हे काल आणि आज दोन्ही दिवस साडेतीनलाच उठले आणि गॅलरीत बसून राहिले. घरी बसायला कोणालाच आवडत नाही हो.

मावशींचे पैसे जाताहेत ते वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं.

---

कांदाभजी | १० जानेवारी, सकाळी ७:२०

वैशालीताई, धीर धरा. तुमच्या मिस्टरांना सांगा, धाग्यावरचे सगळे सुटे पैसे तयार ठेवून त्यांची वाट बघताहेत.

---

दक्षिण मुंबईचा चाकरमानी | १० जानेवारी, सकाळी ८:०५

उपनगरातल्या लोकांना रिक्षा तरी आहे. माहीम आणि सायनच्या अलीकडे शहरात रिक्षाच येत नाही. टॅक्सी किंवा पाय. सीएसएमटीहून बॅकबेला जाणारी १३८ नाही म्हटल्यावर काल आमच्या ऑफिसातली निम्मी माणसं घामाघूम होऊन पोचली.

सीएसएमटी आणि चर्चगेट दोन्हीकडे शेअर टॅक्सीचे ठरलेले स्टँड आहेत. चार माणसं भरली की निघते. मात्र संपात स्टँडवर न येता आधीच गाडी अडवून "स्पेशल" सांगणारे बरेच भेटतात. मीटरचं पहिलं भाडं बावीस रुपये आहे हे लक्षात असू द्या आणि चौघं मिळून मीटरनेच चला म्हणा. कालच्या तीनपैकी दोघांनी ऐकलं.

---

थेम्सकाठचा मराठी | १० जानेवारी, दुपारी १:३०

आता पुण्यात आहे, पण २०१४ च्या फेब्रुवारीत लंडनला होतो. तेव्हा भुयारी रेल्वेचा दोन दिवस संप झाला, बरीच स्टेशनं बंद. मी रोज एका स्टेशनला बदलून दुसऱ्या रेषेने जायचो. संपात पहिल्यांदाच चालत गेलो तेव्हा कळलं की नकाशावर लांब दिसणारी ती दोन स्टेशनं प्रत्यक्षात जवळजवळ आहेत. तिथला नकाशा अंतराच्या मापाने काढलेला नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं माणसं फसतात.

पुढे त्या संपावर अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला. लोकांच्या प्रवासाच्या कार्डांच्या नोंदी तपासल्या. संप संपल्यावरही साधारण वीसातला एक प्रवासी जुन्या वाटेवर परतला नाही, कारण त्याला नवी वाट बरी सापडली होती. २०१५ मध्ये तर तिथल्या वाहतूक यंत्रणेनेच स्टेशनांमधली चालण्याची मिनिटं दाखवणारा नकाशा काढला.

तसं काही आपण इथेच का करू नये? ज्याला जे अंतर चालून माहीत आहे त्याने ते लिहावं. गूगल सांगतं ते नको. गर्दी, सिग्नल, खोदलेला फुटपाथ धरून जो वेळ लागतो तो.

---

दक्षिण मुंबईचा चाकरमानी | १० जानेवारी, दुपारी २:००

उत्तम. मी सुरुवात करतो. चर्चगेट ते मंत्रालय बारा मिनिटं. सीएसएमटी ते मंत्रालय पंचवीस. सीएसएमटी ते नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत पस्तीस. सावली हवी असेल तर फोर्टातल्या कमानींखालून जा, हमरस्त्याने नको.

माटुंगेकर | दुपारी २:१५

परळ स्टेशन ते केईएम रुग्णालय पंधरा. दादरला उतरून केईएम वा टाटाला चालत जाऊ नका, परळलाच उतरा. परळला फास्ट थांबत नाही, दादरला बदलावी लागते.

चेंबूरची जुई | दुपारी २:२०

कुर्ला पश्चिम ते बीकेसीचा हिरे बाजार चाळीस. पहिली दहा मिनिटं सगळ्यात वाईट, स्टेशनच्या गर्दीतून बाहेर पडायची.

वांद्र्याची माई | दुपारी २:४५

बांद्रा पूर्व ते कलानगर स्कायवॉकवरून पंधरा मिनिटं. जुई, तू कुर्ल्याऐवजी हा मार्ग करून बघ, वरून चालताना गाड्यांचा त्रास नाही. खाली उतरलीस की शेअर रिक्षा रिकाम्या परतताना मिळतात.

पवईकर | दुपारी ३:१०

कांजूरमार्ग ते आयआयटीचं मुख्य फाटक पस्तीस. सकाळी ठीक, दुपारी उन्हात नको.

महालक्ष्मी_लोकल | दुपारी ३:३०

महालक्ष्मी स्टेशन ते हाजी अली वीस. रेसकोर्सच्या कडेने.

---

चाकांवरची अनु | १० जानेवारी, रात्री ८:००

दुपारपासून तुमची मिनिटं वाचतेय. कोणाचा उत्साह मोडायचा नाही, पण एक सांगू? मला पोलिओमुळे कुबड्या लागतात. तुमचे पंधरा मिनिटांचे रस्ते माझे चाळीस मिनिटांचे असतात, आणि त्यात एखादा फुटपाथ तुटलेला असला तर तिथेच संपतात.

लोकलमध्ये दिव्यांगांचा डबा आहे, म्हणून गाडीचं मी निभावते. स्टेशनबाहेर बस हाच माझा आधार. बसमध्ये पुढच्या दाराने चढता येतं, राखीव जागा असते, आणि आमच्या मार्गावरचा ड्रायव्हर मला बघून गाडी अगदी कडेला लावतो. रिक्षाच्या रांगेत कोणी कोणासाठी थांबत नाही. मी उभी असते आणि माझ्या दोन्ही बाजूंनी माणसं धावत जाऊन रिक्षा पकडतात. तीन दिवस सुट्टी टाकली आहे. सुट्टी संपेल तेव्हा काय, माहीत नाही.

म्हणून "चाललो, मजा आली" असं वाचलं की आत काहीतरी होतं. चालता येणाऱ्यांनी जरूर चालावं. पण त्यांनी रिक्षाच्या रांगेतली जागा सोडली तरच त्या चालण्याचा मला उपयोग.

---

थेम्सकाठचा मराठी | १० जानेवारी, रात्री ८:४०

अनु, माझ्या लक्षातच आलं नाही हे. क्षमस्व. तुमचा शेवटचा मुद्दा खरं तर धाग्याच्या वर लावायला हवा.

---

वांद्र्याची माई | १० जानेवारी, रात्री ९:१५

अनु, तू कुठल्या स्टेशनला उतरतेस? बांद्रा असेल तर मला व्यक्तिगत संदेश कर. माझा मुलगा सकाळी नऊला दुचाकी सोडून गाडी काढतोय या आठवड्यात, जागा आहे.

---

चाकांवरची अनु | १० जानेवारी, रात्री ९:२२

बांद्राच! संदेश केलाय माई.

---

जुना डोंबिवलीकर | ११ जानेवारी, सकाळी १०:००

अनुचं वाचून २०१० ची आठवण आली. मे महिन्यात मोटरमननी उपोषण करून गाड्या थांबवल्या होत्या. दोन दिवसच, पण सगळं शहर जागच्या जागी. तेव्हा आम्हाला घरी आणलं ते बसने. मी परळहून सायन, सायनहून मुलुंड, तिथून टीएमटीने ठाणे, आणि ठाण्याहून एका टेम्पोत बसून डोंबिवली असा गेलो. दुपारी चारला निघालो, रात्री साडेदहाला दार वाजवलं. मुलुंडच्या बसमध्ये कंडक्टरने तिकिटं फाडता फाडता एका बाईचं तान्हं मूल मांडीवर घेतलं होतं, ते चित्र अजून डोळ्यापुढे आहे.

तेव्हा बसने रेल्वेवाल्यांना उचललं. आता रेल्वे बसवाल्यांना उचलतेय, पण तिला स्टेशनच्या बाहेर येता येत नाही. जुईने पहिल्याच पोस्टीत लिहिलंय ते नेमकं आहे.

---

सत्यशोधक_७२ | ११ जानेवारी, सकाळी १०:४०

वैशालीताईंना उत्तर द्यायचं राहिलं. 'अ' आणि 'क' अर्थसंकल्पाचा भाग मला नीट माहीत नव्हता, तो वाचून काढला. पूर्वी बेस्टच्याच वीज विभागाच्या पैशातून बसचा तोटा भरून निघायचा, तो मार्ग आटला आणि बस उघडी पडली, हे मला पटलं. बस नफ्यासाठी चालवायची गोष्ट नाही हेही पटलं. तरी अचानक सगळी सेवा बंद करणं मला मान्य नाही. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास गाड्या सोडून मधल्या वेळात संप करता आला नसता का?

---

वडाळ्याची वैशाली | ११ जानेवारी, दुपारी १२:३०

तुम्ही वाचलंत याबद्दल आभार. चार तास गाड्या सोडल्या असत्या तर तुम्ही आम्ही आज या विषयावर बोललो असतो का? मला नाही वाटत. पण तुमचा प्रश्न मी घरी विचारला. हे म्हणाले, "रुग्णालयाच्या मार्गावर तरी सोडायला हव्या होत्या." इतकंच बोलले आणि गप्प झाले.

---

पिंपळे सौदागर | ११ जानेवारी, दुपारी ३:००

पुण्यात पीएमपी बंद पडली तर लोकलसुद्धा नाही आमच्याकडे. दुचाकी नसलेल्या माणसाला पुण्यात माणूस समजत नाहीत.

कांदाभजी | दुपारी ३:०५

पुण्यात पत्ता विचारला तरी समजत नाहीत, दुचाकी असो वा नसो.

पिंपळे सौदागर | दुपारी ३:०६

याचं उत्तर दुपारी चारनंतर मिळेल.

माटुंगेकर | दुपारी ३:३०

मंडळी, पुणे-मुंबई दुसऱ्या धाग्यावर. कामाचं सांगतो: एसटीने काही जादा गाड्या सोडल्या आहेत, दादर ते मंत्रालय आहे. नवी मुंबई आणि ठाण्याच्या पालिकांच्या बसही मुंबईत येतात, त्या चालू आहेत. सायन-पनवेल रस्त्यावर चेंबूर, मानखुर्दला एनएमएमटी थांबते. जुई, मावशींना हेही सांग.

---

चेंबूरची जुई | १५ जानेवारी, रात्री ९:००

तिळगूळ घ्या, गोड बोला, सगळ्यांना!

आठवा दिवस. मावशींचं सांगते. मानखुर्दपर्यंत चालून दोन दिवस आल्या, तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मग त्यांच्या गल्लीतल्या तिघींना आम्ही जोडून दिलं. तिघीही चेंबूरमध्येच कामाला येतात, आणि गंमत म्हणजे एकमेकींना माहीत नव्हतं. आता सकाळी साडेसातला तिघी मिळून एक रिक्षा करतात. मीटरने येते, वीस-वीस रुपये. तरी बसपेक्षा महागच, पण खाडा नाही. आमच्या सोसायटीत चिठ्ठी लावली की या आठवड्यात कोणी खाडा कापू नये आणि परतीचं भाडं घरांनी वाटून द्यावं. अकरा घरांनी होकार दिला. एका घराने दिला नाही, त्यांच्याशी परत बोलणार आहे.

आज रिक्षावाल्याने तिघींनाही तिळाची वडी दिली आणि जायचं भाडं घेतलं नाही. मावशींनी ती वडी अर्धी करून माझ्यासाठी आणली.

---

वडाळ्याची वैशाली | १६ जानेवारी, संध्याकाळी ६:१०

संप मागे घेतला! उच्च न्यायालयाने सांगितल्याप्रमाणे माजी न्यायमूर्ती रिबेलो मध्यस्थ असतील, बोलणी पुढे चालतील. खालच्या श्रेणीतल्यांना तूर्त दहा वेतनवाढी मिळणार. नऊ दिवस झाले. बेस्टचा इतका लांबलेला संप आजवर झाला नव्हता म्हणतात.

हे गणवेश इस्त्री करताहेत. मी करते म्हटलं तर दिला नाही.

---

चाकांवरची अनु | १७ जानेवारी, सकाळी ९:५०

बस आली. ड्रायव्हर तोच होता. गाडी कडेला लावली आणि म्हणाला, "कशा होतात ताई इतके दिवस?" मी माईंच्या मुलाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, त्यांना माझा नमस्कार सांगा. माई, पोचवा.

---

साकीनाका_रोज | ५ ऑगस्ट २०२३, सकाळी ७:४५

धागा वर काढतोय. २ तारखेपासून भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचे ड्रायव्हर संपावर आहेत. आता बेस्टच्या निम्म्याहून जास्त गाड्या ठेकेदारांच्या, त्यामुळे बसथांबे पुन्हा रिकामे. घाटकोपर, मुलुंडकडे जास्त त्रास आहे. वरची चालायची मिनिटं बहुतेक अजून लागू आहेत, फक्त पाऊस धरून प्रत्येकात दहा मिळवा. अंधेरी ते दहिसरच्या लोकांना मेट्रो २अ आणि ७ आहेत, २०१९ ला त्या नव्हत्या.

---

सत्यशोधक_७२ | ५ ऑगस्ट २०२३, सकाळी ८:३०

२०१९ च्या जुलैमध्ये पाच रुपये तिकीट झालं तेव्हा सर्वांत जास्त आनंद मला झाला होता. त्याच सुमाराला ठेक्याच्या गाड्या वाढवायचं ठरलं, तिकडे मी लक्ष दिलं नाही. आज तोच ड्रायव्हर पगारवाढ मागतोय, आणि त्याचा मालक बेस्ट नसून ठेकेदार आहे. वैशालीताई, २०१९ ला निदान दार कोणाचं ठोठवायचं हे कामगारांना माहीत होतं. तेव्हा मी तुमच्याशी जरा कडक बोललो होतो.

---

वडाळ्याची वैशाली | ५ ऑगस्ट २०२३, सकाळी ११:००

ते कधीच विसरले मी. हे अजून कंडक्टर आहेत. सध्या ज्या गाड्या निघतात त्यांवर दुप्पट गर्दी असते, रात्री आवाज बसलेला असतो. तरी संपावरच्या पोरांवर चिडत नाहीत.

---

चाकांवरची अनु | ५ ऑगस्ट २०२३, दुपारी १:००

यावेळी मी दोन दिवस आधीच माईंना फोन केला.

---

चेंबूरची जुई | ५ ऑगस्ट २०२३, रात्री ९:३०

मावशींनी मागच्या वर्षी काम सोडलं, आता त्यांची सून येते. तिला त्या तिघींची रिक्षा आठवत होती, पण तिघींतल्या दोघी आता गावी आहेत. सोमवारी सकाळी साडेसातला चिता कॅम्पच्या नाक्यावरून चेंबूर स्टेशनकडे रिक्षा निघेल. सध्या दोघी आहेत, एक जागा रिकामी आहे. तुमच्याकडे कामाला येणारं कोणी त्या बाजूला राहत असेल तर मला आज-उद्यात कळवा.